सुलट की उलट? पिस्तुलाच्या होल्स्टरसाठी चामडे निवडताना

अमेरिकेत हाताने होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला लावण्याचे चामडी म्यान, शिवून देणाऱ्या कारागिराकडे मागणी नोंदवायला गेले, की पिस्तुलाचे मॉडेल कोणते, वापरणारा हात डावा की उजवा आणि कमरेचा पट्टा किती रुंद, एवढे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न बहुधा येतो: चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची की खरखरीत? तिथल्या बोलीत पहिल्या प्रकाराला स्मूद-आउट म्हणतात आणि दुसऱ्याला रफ-आउट. आपल्याकडे कापडाला सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात, आणि चामड्याच्या बाबतीतही हेच दोन शब्द चपखल बसतात; म्हणून गुळगुळीत बाजू बाहेर असलेल्या होल्स्टरला या लेखात सुलट म्हणू आणि खरखरीत बाजू बाहेर असलेल्याला उलट.

हा प्रश्न मुळात अमेरिकेचा आहे. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत कायद्याने अपात्र न ठरलेल्या प्रौढ माणसाला परवान्याशिवायही कपड्याआड पिस्तूल बाळगता येते, आणि २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याच्या परवाना-कायद्याविषयीच्या खटल्यात, स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे, असा निकाल दिला. त्यामुळे रोज सकाळी पाकीट आणि किल्ल्यांसोबत पिस्तूलही कमरेला लावणारे लोक तिथे मोठ्या संख्येने आहेत, आणि दिवसाचे बारा-बारा तास अंगाला चिकटून राहणाऱ्या या वस्तूचे चामडे कसे असावे, यावर ते मनापासून वाद घालतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवाना मिळणेच अवघड असल्याने हा वाद आपल्या अंगणात फारसा आलेला नाही. मात्र चामडे म्हणजे काय, ते कसे वागते आणि एकाच तुकड्याच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का असतात, हे समजून घ्यायला होल्स्टरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जनावराच्या कातड्याचा आडवा छेद घेतला, तर त्यात सर्वांत वर केस आणि बाह्यत्वचा असते, आणि कातडे कमावताना हा भाग चुन्याच्या निवळीत भिजवून काढून टाकला जातो. त्याखाली उरतो तो दाण्याचा थर: केसांच्या छिद्रांची नक्षी असलेला, अतिशय बारीक आणि घट्ट विणलेल्या कोलॅजेन तंतूंचा पातळ थर. त्याच्याखाली जाड तंतूंचा मुख्य थर असतो. या थरात तंतूंच्या जुड्या एकमेकींत तिरप्या गुंतलेल्या असतात आणि चामड्याची ताकद प्रामुख्याने तिथेच असते. या थराचा खालचा पृष्ठभाग, म्हणजे जनावराच्या मांसाकडे असलेली बाजू, मोकळ्या तंतूंमुळे लवदार आणि खरखरीत लागते. उलट होल्स्टरमध्ये बाहेर दिसते ती हीच बाजू.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण पुष्कळ लोक उलट होल्स्टर पाहिले की त्याला स्वेड म्हणतात आणि दुय्यम दर्जाचे समजून बाजूला ठेवतात. जाड कातडे यंत्रावर आडवे चिरून त्याचे दोन किंवा तीन थर केले जातात. त्यांतल्या खालच्या थराला दाण्याची बाजू नसतेच, तो दोन्हीकडून लवदार असतो, आणि स्वेड म्हणून बाजारात येते ते बहुतेक या खालच्या थराचे चामडे. ते मऊ असते, ताणले जाते आणि स्वतःचा आकार टिकवत नाही. जाकिटाला ते शोभते, पण एकट्याच्या बळावर पिस्तूल पेलण्याचे काम त्याचे नव्हे. उलट होल्स्टरच्या चामड्यात दाण्याचा थर शाबूत असतो, फक्त तो आत वळवलेला असतो. खात्री करायची असेल, तर होल्स्टरच्या तोंडातून आत बोट घालून पाहावे: आतली बाजू गुळगुळीत लागली, तर ते खरे रफ-आउट, आतही लव लागली, तर ते स्वेड किंवा चिरलेले चामडे आहे आणि ते न घेतलेलेच बरे.

बाजूच्या निवडीआधी आणखी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात, आणि माझ्या मते त्या बाजूच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट कमावण्याची पद्धत. झाडांच्या साली, लाकूड आणि फळे यांतील टॅनिन वापरून कमावलेले चामडे ताठ असते, पाण्यात भिजवले की मातीसारखे वळते आणि वाळल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावले जाते, ती याच जातीची पद्धत. अमेरिकेतील सेंट लुईसमधली हर्मन ओक आणि पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग या एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या टॅनरी आजही वनस्पतिज टॅनिननेच चामडे कमावतात, आणि चांगले होल्स्टर-कारागीर त्यांच्याकडून माल घेतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे झटपट तयार होते आणि मऊ राहते, पण त्याला पिस्तुलाचा आकार देता येत नाही, आणि त्यात राहिलेल्या क्षारांमुळे पोलादाला गंज चढण्याची भीतीही असते. रंग न दिलेली कापलेली कड पाहिली की फरक पटकन कळतो: क्रोमच्या चामड्याच्या कडेत निळसर-राखाडी छटा दिसते, तर सालीच्या चामड्याची कड फिकट तपकिरी असते.

दुसरी गोष्ट जाडी. अमेरिकेत चामड्याची जाडी औंसात मोजतात, कारण एक चौरस फूट चामडे जितक्या औंस वजनाचे भरेल तेवढा त्याचा आकडा, असा जुना हिशेब आहे. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, अर्थात सुमारे ०.४ मिलिमीटर. पँटच्या आत खोचण्याच्या होल्स्टरला साधारणतः ६ ते ८ औंस, म्हणजे अडीच ते सव्वातीन मिलिमीटर, आणि पट्ट्याबाहेरच्या होल्स्टरला ८ ते १० औंस जाडीचे गाईचे चामडे वापरतात. घोड्याचे चामडे अधिक दाट असल्याने कमी जाडीतही ताठ राहते आणि घाम कमी शोषते, म्हणून काही जण ते मागून घेतात. चामडे चुकीचे आणि पातळ असेल, तर कोणतीही बाजू बाहेर ठेवून ते होल्स्टर वाचणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. होल्स्टरला दोन पृष्ठभाग असतात आणि दोघांची कामे वेगळी असतात: आतला पृष्ठभाग पिस्तुलाला भिडतो आणि बाहेरचा कपड्याला, पट्ट्याला व अंगाला. कोणती बाजू बाहेर ठेवायची असे आपण विचारतो तेव्हा कोणती बाजू आत जाईल हेही त्याच क्षणी ठरते, पण वादात बहुतेक वेळा लोक एकाच बाजूविषयी बोलत राहतात. होल्स्टर कुठे बसणार हे आधी ठरवले, की कोणत्या पृष्ठभागाचे काम अधिक कठीण आहे ते दिसू लागते आणि निवड बरीचशी आपोआप होते.

पँट आणि अंग यांच्या फटीत खोचायचे होल्स्टर घेऊ. ते चालताना वर सरकते, बसताना झुकते आणि पिस्तूल उपसताना पिस्तुलाबरोबर वर यायला पाहते. त्याला जागेवर धरून ठेवायला पट्ट्याला अडकवलेला एखादा बंद असतो आणि बाकीचे काम घर्षणाला करावे लागते. लवदार बाजू बाहेर असली, की ती पँटच्या अस्तराला आणि आतल्या बनियनला धरून राहते, तर गुळगुळीत आणि वर लाखेसारखा थर दिलेले चामडे त्याच कापडावरून घसरते. घोड्याच्या खोगिराचे उदाहरण इथे लागू पडते. अमेरिकेत गुरे वळवण्याच्या आणि घोडे शिकवण्याच्या कामासाठी रफ-आउट चामड्याची खोगिरे मुद्दाम बनवली जातात, कारण घोडा एकाएकी वळला तरी स्वार त्यावरून निसटत नाही. कमरेत खोचलेल्या पिस्तुलाची गरज नेमकी हीच असते.

याच वेळी दाण्याची बाजू आत गेलेली असते आणि ती पिस्तुलाला सुलभ वाट देते. नवे होल्स्टर सुरुवातीला घट्ट बसते, कधी करकरतेही, पण काही दिवसांत गुळगुळीत दाण्यावर पिस्तुलाच्या कडांचे ठसे उमटून उपसण्याची हालचाल एकसारखी होते. खरखरीत बाजू आत असली, तर तिचे तंतू सुरुवातीला पिस्तुलाला धरतात आणि पुढे दबत जातात, त्यामुळे पकड कालांतराने बदलते; ती बदलतच राहते असे मात्र नाही, काही महिन्यांनी तीही स्थिरावते.

या रचनेला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून दिली ती समर स्पेशल (इंग्रजीत ‘समर’ म्हणजे उन्हाळा) नावाच्या होल्स्टरने. कॅलिफोर्नियात अमली पदार्थविरोधी तपासात काम केलेल्या ब्रूस नेल्सन यांनी त्याची रचना केली आणि आयडाहोतील मिल्ट स्पार्क्स यांच्या कारखान्याने ते प्रसिद्धीस आणले. उन्हाळ्यात कोट घालता येत नाही, त्यामुळे मोठे पिस्तूल पातळ शर्टाखाली लपवायचे तर ते पँटच्या आतच न्यावे लागते, हा त्यामागचा विचार नावातच आहे. खरखरीत बाजू बाहेर आणि होल्स्टरचे तोंड उघडे राहावे म्हणून तिथे धातूची पट्टी घातलेली चामड्याची कड, अशी त्याची घडण होती, आणि पुढच्या असंख्य कारागिरांनी तिच्यावरून आपापली होल्स्टरे बेतली.

घामाचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. ह्यूस्टन किंवा मायामीचा उन्हाळा मुंबईच्या उन्हाळ्यासारखाच घामाघूम करणारा असतो, आणि खारट घामाइतका पोलादाचा हाडवैरी दुसरा नाही. दाण्याचा थर पाण्याला पूर्णपणे अडवत नाही, पण मोकळ्या तंतूंच्या मानाने ते सावकाश आत घेतो. त्यामुळे उलट होल्स्टरमध्ये घाम आधी बाहेरच्या लवेत मुरतो आणि पिस्तुलापर्यंत पोहोचण्याआधी त्याला दाण्याचा थर ओलांडावा लागतो. सुलट होल्स्टरमध्ये घाम आधी दाण्यावर आणि त्यावरच्या रोगणावर येतो आणि पुष्कळसा बाहेरच थोपवला जातो, पण शिवणीतून किंवा तोंडाकडून जो आत शिरतो तो आतल्या खरखरीत तंतूंत साठून थेट पिस्तुलाला लागून राहतो. दोन्ही पक्षांचे लोक यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात. मला यात उलट रचनेचे पारडे किंचित जड वाटते, मात्र तिची एक अट आहे: लवेत मुरलेला घाम वाळायला रात्रभर मोकळी हवा मिळाली पाहिजे. दमट होल्स्टर कपाटात कोंबणाऱ्या माणसाला कोणतीही बाजू वाचवू शकत नाही. उघड्या अंगाला ती लव टोचते अशी तक्रारही काही जण करतात, आणि ती खरी आहे. बनियनवर घातले की ती उरत नाही.

पट्ट्याबाहेरच्या होल्स्टरचा हिशेब याच्या अगदी विरुद्ध लागतो. तिथे होल्स्टर पट्ट्याने घट्ट आवळलेले असते, म्हणून घसरण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. त्याऐवजी वरून कोटाचे किंवा शर्टाचे टोक सहज सरकले पाहिजे, आणि लवदार पृष्ठभाग त्या कापडाला नको तेव्हा धरून बसतो. पाऊस, धूळ, गाडीच्या आसनाचा पट्टा, दाराची चौकट या सगळ्यांशी त्याची रोज गाठ पडते, आणि मेण किंवा रोगण दिलेली दाण्याची बाजू हे सगळे पुसून टाकता येण्याजोगे ठेवते. शिवाय सुलट चामड्यावर कारागिराला एक गोष्ट करता येते, जी उलट चामड्यावर तितकी साधत नाही. भिजवलेल्या चामड्यात पिस्तुलाची प्लॅस्टिकची प्रतिकृती बसवून, हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या हत्याराने प्रत्येक कड आणि खाच घोटून उठवतात. ही घोटाई दाण्याच्या घट्ट थरावर धारदार उमटते आणि पिस्तूल धरून ठेवायलाही मदत करते. मोकळ्या तंतूंवर तीच रेघ बोथट पडते. गणवेशातील पोलिसाच्या कमरेला चकचकीत सुलट होल्स्टर दिसायचे, यामागे पॉलिश होण्याइतकेच हेही कारण होते.

लवदार बाजूचाही बाहेर एक मोठा गुण आहे: तिच्यावर ओरखडा दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांना दिलेले घोट्यापर्यंतचे बूट रफ-आउट चामड्याचे होते आणि मरीन कोरचे आजचे बूटही तसेच आहेत. सुलट चामड्यावर झाडोऱ्याचा ओरखडा कायमचा राहतो, तर लवेवर तो ब्रशने मिटतो. शेतावर किंवा जंगलात पट्ट्याबाहेर पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाने म्हणूनच माझे वरचे मत सरसकट मानू नये.

या वादात ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त शाई खर्च होते ती मात्र मला अतिरंजित वाटते: खरखरीत आतली बाजू पिस्तुलाची निळसर-काळी झळाळी घासून टाकते, हा आरोप. जुन्या पद्धतीची ब्लूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेल्या काळ्या लोहभस्माचा अत्यंत पातळ थर, आणि तो नळीच्या टोकाशी व धारदार कडांवर कोणत्याही होल्स्टरमध्ये झिजतोच. खरा अपराधी बहुधा चामडे नसून त्यात अडकलेली धूळ आणि वाळू असते, आणि मोकळ्या तंतूंत ती अधिक अडकते, एवढाच आरोपातला खरा भाग. आजची बहुतेक पिस्तुले नायट्राइडसारख्या, पृष्ठभाग कठीण करणाऱ्या प्रक्रियेतून गेलेली किंवा स्टेनलेस पोलादाची असतात, त्यांच्या मालकांनी या कारणावरून झोप घालवू नये. आजोबांचे जपून ठेवलेले ब्लूइंगचे रिव्हॉल्व्हर असेल, तर दोन पातळ चामडी पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे आत आणि बाहेर दोन्हीकडे दाणा असलेले दुपदरी होल्स्टर घ्यावे. ते महाग आणि जरा जाडजूड असते, पण ताठपणात त्याला तोड नाही. आतून स्वेडचे अस्तर लावण्याची जुनी चाल आता मागे पडली आहे, आणि योग्यच आहे, कारण ते मऊ अस्तर ओल आणि कचरा दोन्ही मुरवून घेते.

घडीचा प्रश्न कारागीर ओळखतात, गिऱ्हाइके सहसा ओळखत नाहीत. एकाच तुकड्याची घडी घालून होल्स्टर शिवले आणि दाणा आत ठेवला, तर घडीच्या आतल्या बाजूला दाण्याचा थर दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात. दाणा बाहेर ठेवला, तर तोच थर ताणला जातो आणि चामडे कोरडे असेल तर तिथे भेगा दिसू लागतात. त्यामुळे उलट होल्स्टर घडीऐवजी दोन तुकडे दोन्ही कडांना शिवून केलेले असेल, तर ते अधिक स्वच्छ बसते.

बाजू कोणतीही असो, जीवाशी खेळणारा दोष एकच आहे: तोंडाशी मऊ पडलेले चामडे. पिस्तूल काढल्यावर पँटच्या दाबाने होल्स्टरचे तोंड मिटले, तर ते परत ठेवताना दुसरा हात नळीसमोर न्यावा लागतो. आणि चामड्याची दुमडलेली कड किंवा शर्टाचे टोक ट्रिगरभोवतीच्या कड्यात शिरले, तर पिस्तूल आत ढकलतानाच ट्रिगर दाबला जाऊ शकतो. लवदार बाजूवर कडक रोगणाचा थर देता येत नाही आणि ती घामही अधिक पिते, त्यामुळे पातळ उलट होल्स्टर तोंडाशी लवकर ढिले पडते. समर स्पेशलच्या तोंडाशी धातूची पट्टी आली ती यासाठीच. घेताना रिकामे होल्स्टर पट्ट्यात आवळून पाहावे, तोंड उघडे राहते का आणि ट्रिगरभोवतीचे कडे पूर्ण झाकले जाते का, हे तपासावे. वापरून लुळे पडलेले होल्स्टर टाकून द्यावे, त्यात काटकसर करू नये. घट्ट असलेले नवे होल्स्टर सैल करायचे झाले, तर पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, त्याला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ते रात्रभर आत ठेवावे. तेल चोळून चामडे नरम करण्याचा मोह टाळावा, कारण एकदा गेलेला ताठपणा परत येत नाही.

निगा राखणे सुलट चामड्याला सोपे जाते: ओलसर फडक्याने पुसणे आणि अधूनमधून रंगहीन पॉलिशचा हलका हात, एवढे पुरते. उलट चामड्याला पॉलिश लावू नये, नाहीतर लव चिकटून बसते आणि जिच्यासाठी ते घेतले ती पकडच जाते. ताठ ब्रशने झाडणे हाच त्याचा उपाय. वर्ष-दोन वर्षांत घासणीच्या जागी ती लव तशीही दबते, चमकू लागते आणि ब्रशने थोडीच परत उठते, हेही घेण्यापूर्वी माहीत असावे. गडद रंग दिलेल्या लवेचा रंग घामाबरोबर फिक्या कपड्यांवर उतरतो, म्हणून उलट होल्स्टर मूळ रंगातच घ्यावे असे मी सुचवेन. भिजलेले होल्स्टर मात्र दोन्ही प्रकारांत सावलीत, हवेवरच वाळवावे. सालीत कमावलेले चामडे ओले असताना ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे तंतू आक्रसतात आणि ते कायमचे आखडते. केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा गाडीच्या हीटरसमोर वाळवलेली किती होल्स्टरे अशी वाया गेली असतील, त्याला गणती नाही.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी पाहिलेल्या माणसाला शेवटची सूचना वेगळी सांगायला नको. पिस्तूल दीर्घकाळ ठेवायचे असेल, तर ते होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडे हवेतली ओल ओढून घेते, आणि दाण्याची बाजू आत असो वा लवेची, ती ओल महिनोन्‌महिने पोलादाला लागून राहते. पिस्तूल तेलाचा हात देऊन कुलपात आणि होल्स्टर खुंटीवर, हवा लागेल असे, वेगळे असावे.